फटकळ म्हणा, पण दुर्गाबाईंचे ऐकून घ्या

परवा एका गावी पीकपाहणी आटोपून ग्रंथालयाच्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. कपाटात दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' दिसले, म्हणून मागून घेतले. शेजारचे एक बागाईतदार म्हणाले, "साहेब, ती फटकळ म्हातारी ना? उठसूट कुणालाही बोलायची!"

वाचकहो, फटकळ होत्या हे मी नाकारीत नाही. उतारवयात भल्याभल्यांविषयी त्या असे काही बोलल्या, की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. त्यांची सगळी मते मलाही पटत नाहीत. पण त्या बोलण्याची किंमत कोणी मोजली, तेही पाहा ना!

१९७५ चा डिसेंबर. देशात आणीबाणी. साहित्य संमेलन भरले कराडला, यशवंतराव चव्हाणांच्या गावी. यशवंतराव तेव्हा केंद्रात मंत्री आणि संमेलनाचे स्वागताध्यक्ष. अध्यक्षपदी दुर्गाबाई, वय ६५. राजकारण्यांचे जोखड साहित्याच्या मानेवर नको, हे त्यांचे मत आधीपासूनचे. वर्तमानपत्रांना सेन्सॉर लागलेला, माणसे घरातही हळू आवाजात बोलत. अशा वेळी त्या मांडवात बाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सांगितले आणि आणीबाणीचा उघड निषेध केला. पुढे १९७६ साली त्यांना अटक झाली, तुरुंगात ठेवले. १९७७ साली राज्य बदलले. तेव्हा दारात उभे राहून काही मागता आले असते. बाईंनी मागितले नाही. पद्मश्री नाकारली, ज्ञानपीठही नाकारले.

ज्याला कुणाकडून काही घ्यायचेच नाही, त्याची जीभ कोण धरणार?

माझ्या खात्यातला अनुभव सांगतो. ऊसवाल्याला म्हणावे, "दादा, पाणी कमी करा, निचऱ्याचे चर काढा, जमीन खारवट होतेय," तर तो पुढच्या वेळी चहाला बोलावीत नाही. गोड बोलून मीही कधी कधी वेळ मारून नेली आहे. त्या जमिनींवर आज पांढरा थर दिसतो. म्हणून फटकळ माणसाविषयी मला आदर वाटतो, थोडी लाजही.

शिवाय ही बाई नुसती बोलणारी नव्हे, बघणारी. १९५६ साली आलेल्या 'ऋतुचक्रा'त चैत्रापासून बारा महिने पालवी, फुलोरा, पाखरे, ढग यांच्याकडे तिने किती बारकाईने पाहिले आहे! आपण रोज बांधावर असतो, पण असे पाहत नाही. लोककथा, आदिवासींचे जीवन, बौद्ध धर्म, महाभारत, एवढ्यावर लिहून पुन्हा 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तकही तिचेच. घरच्या मंडळींना ते आधी आवडेल.

त्या बागाईतदारांनी 'ऋतुचक्र' चाळले, दोन पाने वाचली, मग ग्रंथपालांकडे आपले नाव लिहून पुस्तक घरी नेले. जाताना म्हणाले, "पण फटकळ होतीच."

"होतीच," मी म्हटले.