हवेतील कर्बवायू आणि रब्बीचा गहू

पिकाच्या वाळलेल्या वजनाचा मोठा भाग जमिनीतून नव्हे, तर हवेतून आलेला असतो, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. हवेतील कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून आत शिरतो आणि सूर्यप्रकाश व हरितद्रव्य यांच्या साहाय्याने त्याची साखर व पिष्ट बनते. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास भरले. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. दगडी कोळसा व खनिज तेल यांचे ज्वलन हे या वाढीचे मुख्य कारण होय.

पिकांचे खाद्यच वाढले, तेव्हा उत्पन्नही वाढेल, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे.

गहू, भात, कापूस, सोयाबीन व हरभरा या पिकांना जादा कर्बवायूचा लाभ होतो. ज्वारी, बाजरी, मका व ऊस यांच्या पानांत मात्र हा वायू एकवटण्याची सोय निसर्गतःच आहे. त्यामुळे हवेतील वाढीने त्यांना फारसे अधिक मिळत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उघड्या शेतात जादा वायू सोडून ज्वारीवर प्रयोग झाले. भरपूर पाणी दिलेल्या ज्वारीत फरक पडला नाही. पाण्याचा ताण असलेल्या ज्वारीचे उत्पन्न मात्र वाढले. वायू मुबलक असता रंध्रे काहीशी मिटलेली राहतात व ओल अधिक दिवस पुरते, हे त्याचे कारण. कोरडवाहू शेतकऱ्यास एवढी गोष्ट जमेची धरावयास हरकत नाही.

गव्हाची कथा निराळी आहे. दाण्यात पिष्ट वाढते, पण त्या प्रमाणात नत्र, जस्त व लोह वाढत नाही. वायूचे प्रमाण सुमारे ५५० भाग ठेवून उघड्या शेतांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१४ साली एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत गव्हातील जस्त सुमारे ९ टक्क्यांनी, प्रथिने ६ टक्क्यांनी व लोह ५ टक्क्यांनी घटलेले आढळले. पोते भरले तरी भाकरी-पोळीवरच भिस्त असलेल्या घरातील मुलांच्या ताटात कस कमी पडावयाचा. मुळांवरील गाठींतून नत्र मिळविणाऱ्या कडधान्यांत प्रथिनांची अशी घट जवळजवळ दिसली नाही, तरी जस्त व लोह त्यांतही उतरले.

शिवाय हाच वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. गव्हाचा दाणा भरताना उष्मा वाढला की भरण्याचा काळ आखडतो आणि दाणा सुरकुततो. मार्च २०२२ मधील उष्ण लाटेत उत्तर भारतातील गव्हाचे असेच नुकसान झाले व मे महिन्यात केंद्र शासनास गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. महाराष्ट्रात थंडीचा काळ मुळातच थोडा. येथे विलंब अधिक जाचतो.

म्हणून बागायती गव्हाची पेरणी शेतकरी बंधूंनी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. ऊस वा कापूस निघण्यास विलंब होऊन पेरणी लांबलीच, तर उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेला निफाड-३४ हा वाण घ्यावा. दाणा भरण्याच्या वेळचे पाणी चुकवू नये. घरच्या खाण्यापुरती बाजरी खरिपात करणाऱ्यांनी अधिक लोहाचा धनशक्ती हा वाण पेरून पाहावा.