डॉ. जेरुशा झिराड : एका दीर्घ आयुष्याचा हिशेब

मातामृत्यूचे प्रमाण हा विकासाच्या अर्थशास्त्रातील एक रूक्ष निर्देशांक. दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावल्या, एवढेच तो सांगतो. २०१९-२१ या काळात देशात हे प्रमाण ९३ होते, महाराष्ट्रात ३८. छत्रपती संभाजीनगरातील माझ्या वर्गात हे आकडे फळ्यावर लिहून झाल्यावर मी सहज विचारले, की स्त्रियांच्या आरोग्यासाठी झटलेल्या महाराष्ट्रातील जुन्या काळच्या स्त्री-डॉक्टरांची नावे सांगा. आनंदीबाई जोशी हे नाव एका सुरात आले. रखमाबाईंचे नाव दोघींनी सांगितले. डॉ. जेरुशा झिराड हे नाव मी फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग गप्प राहिला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, या बाई परदेशी का?"

त्या परदेशी नव्हत्या. अलिबाग तालुक्यात झिराड नावाचे गाव आहे, आणि हे आडनाव त्या गावावरून आलेले आहे. दिवेकर, किहीमकर, नवगावकर अशी आडनावे मिरवणारा बेने इस्रायल समाज हा कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. शतकानुशतके त्याने तेलाचे घाणे चालवले आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी ते बंद ठेवले. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले आणि त्यांच्या धर्माची याहून अधिक चौकशी केली नाही. ज्यूंचा जगाच्या पाठीवर जेथे तेथे छळ झाला, पण येथे झाला नाही, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु छळ न करणे वेगळे आणि ओळख ठेवणे वेगळे. दुसऱ्या बाबतीत आपण फारसे काही केलेले नाही, हे माझ्या वर्गाच्या मौनाने दाखवून दिले.

जेरुशाबाईंचा जन्म १८९०च्या सुमारास शिमोग्याला झाला आणि शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. लहान असताना त्यांची बहीण आजारी पडली. मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. बेन्सन या इंग्रज डॉक्टरबाईंच्या उपचारांनी ती बरी झाली, आणि आपणही डॉक्टर व्हायचे असे या मुलीने ठरवून टाकले. अशा वयात असे बेत पुष्कळ मुली करतात. या मुलीने १९१२ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून एल. एम. अँड एस. ही पदवी घेतली आणि पुढील शिक्षणासाठी लंडनची वाट धरली.

येथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाने क्षणभर थांबलेच पाहिजे. या शिक्षणाला पैसा कोठून आला? आरंभी तो टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीतून आला. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या या योजनेचे वैशिष्ट्य असे, की मिळालेला पैसा मिळवते झाल्यावर फेडायचा, म्हणजे तो पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येतो. त्यात उपकाराचे ओझे नाही. पुढे हिंदुस्थान सरकारची इंग्लंडमधील शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. तोवर ती एकाही स्त्रीला मिळालेली नव्हती. १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्रातील एम. डी. होऊन त्या परतल्या आणि पुढची कित्येक दशके काम करीत राहिल्या. आमच्या शास्त्रात याला मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हणतात. शब्द कोरडा आहे, हे मला मान्य आहे. पण माझ्या विद्यार्थिनींच्या घरी लग्नासाठी कर्ज काढताना कोणी दोनदा विचार करीत नाही आणि शिक्षणासाठी काढायचे म्हटले की भावकी गोळा होते, हे पाहिले म्हणजे तो कोरडा शब्दही घरोघर जाऊन समजावून सांगावासा वाटतो.

दिल्ली व बंगळूर येथे काही वर्षे काम करून त्या मुंबईस आल्या, आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाची सूत्रे त्यांच्या हाती होती. हे रुग्णालय १८८६ मध्ये पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उघडले, तेच मुळी स्त्रियांवर स्त्री-डॉक्टरांनीच उपचार करावेत म्हणून. पुरुष डॉक्टरासमोर जाण्यापेक्षा घरी मरण पत्करणाऱ्या बायका तेव्हा थोड्या नव्हत्या. तरीही त्याचा कारभार प्रदीर्घ काळ इंग्रज डॉक्टरबाईंकडेच राहिला होता. बहिणीला घेऊन जेथे यावे लागले, त्याच वास्तूच्या प्रमुखपदी जेरुशाबाई बसल्या. त्या पदावरच्या माणसाचा दिवस कशात जातो, हे ज्याने सार्वजनिक संस्था जवळून पाहिली आहे त्याला ठाऊक असते. खाटा, परिचारिकांच्या पाळ्या, औषधांची मागणीपत्रे, नव्या डॉक्टरांची शिकवणी. यांतले काहीही चरित्रात येत नाही.

त्यांनी लग्न केले नाही, पण समाजाचा संसार मात्र मांडला. लंडनमध्ये असताना त्यांचा उदारमतवादी ज्यू चळवळीशी आणि लिली माँटेग्यू यांच्याशी परिचय झाला होता. त्या प्रेरणेने १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली. परंपरागत सिनेगॉगमध्ये स्त्रिया सज्जात बसत. नव्या उपासनेत स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले. शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईला प्रार्थनेपुरते मागे बसणे रुचले नसावे, असा माझा तर्क आहे. मात्र त्यांनी धर्म सोडला नाही, तो आपल्या बाजूने दुरुस्त केला. सुधारणेचा हा मार्ग प्रार्थना समाजाच्या महाराष्ट्राला अपरिचित वाटू नये.

पुढे हा समाजच पांगला. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला जाऊ लागली. देशातील सर्व ज्यूंची संख्या १९५१ च्या जनगणनेत २६ हजारांवर होती, ती २०११ मध्ये ५ हजारांच्याही खाली आली. जेरुशाबाई येथेच राहिल्या. प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांचा अखिल भारतीय संघ १९५० मध्ये आकाराला आला, त्याच्या संस्थापकांत त्या होत्या. स्त्री-डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि वयाची नव्वदी ओलांडून १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग त्या आपल्याला ठाऊक का नाहीत? ज्यू होत्या म्हणून, हे अर्धे उत्तर झाले. आनंदीबाई वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. एकाही रुग्णाला हात लावण्यास त्यांना पुरती सवड मिळाली नाही. त्यांच्यावर कादंबरी झाली, चित्रपट झाला, आणि ते योग्यच झाले. रखमाबाई नव्वद वर्षे जगल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे रुग्णसेवा केली. आपल्या स्मरणात मात्र उरला तो त्यांच्या तारुण्यातला खटला. कष्टाने भरलेली वर्षे आपल्याला सांगताच येत नाहीत. त्यांत कथानक नसते. रोज सकाळी वेळेवर कामावर जाणारी बाई पन्नास वर्षे तशीच जात राहिली, यात सांगण्यासारखे काय, असे आपल्याला वाटते. कारकून, शिक्षक, परिचारिका यांच्या ज्या आयुष्यांवर हे राज्य उभे आहे, त्यांची गतही हीच आहे.

जेरुशाबाईंनी केलेल्या कामांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते याच जातीचे आहे. तिसाच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बाळंतपणात गेली’ या दोन शब्दांवर तेव्हा सगळे समाधान मानीत, दैव म्हणून सोडून देत. चौकशी म्हणजे प्रत्येक मृत्यूमागे जाऊन विचारणे, की रक्तक्षय होता का, जंतुदोष झाला का, बाई दवाखान्यात केव्हा पोचली, ती वाचली असती का? आणि हे प्रश्न रुग्णालयांनाही विचारायचे, म्हणजे आपल्याच व्यवसायाला विचारायचे. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली गेल्याची चर्चा झाली, तेव्हा २०१९ मध्ये शासकीय समितीने मोजणी केली आणि १३ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया समोर आल्या. कोणी मोजेपर्यंत ती प्रत्येकीची खाजगी गोष्ट होती.

तो अहवाल मुंबईपुरता होता. त्याच सुमारास, निजामाच्या राज्यातल्या आमच्या खेड्यात, माझ्या आजीची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. तिची नोंद कोठेही झाली नाही. आजी असेपर्यंत तिचा उल्लेख ‘आमची अक्का’ असाच होई. तिचे नाव मी विचारायला हवे होते. आता ते सांगणारे घरात कोणी उरलेले नाही.