गर्भातली घडण म्हणजे विधिलिखित नव्हे

बाळ कमी वजनाचं जन्मलं की ‘याला पुढे डायबेटिस होणारच’ असं अनेक घरांत धरून चालतात आणि दोष आईच्या माथी मारतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

गर्भकालीन घडण म्हणजे पोटात मिळालेल्या पोषणानुसार अवयवांची होणारी जुळवणी. पगार अपुरा पडलेल्या महिन्यात घर आधी किराणा भरतं, डागडुजी पुढे ढकलतं. तसंच अन्न कमी पडलं की गर्भ मेंदू जपतो. मूत्रपिंड, स्वादुपिंड (इन्शुलिन बनवणारा अवयव) यांची वाढ मागे पडते.

याचा दाखला नेदरलँड्समध्ये मिळतो. १९४४च्या हिवाळ्यात दुसऱ्या महायुद्धामुळे ॲमस्टरडॅममध्ये दुष्काळ पडला. दिवसाचं रेशन ८०० कॅलरींच्याही खाली गेलं. तेव्हा गर्भात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी झाली, तर रक्तातली साखर आटोक्यात ठेवण्याची त्यांची क्षमता कमी आढळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून आसपासच्या सहा गावांत अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं; पण अंगावर स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती.

अशा घडणीमुळे डायबेटिसचा धोका वाढतो, आजार ठरत नाही. व्यायाम, आहार आणि वेळेवर तपासणी यांनी हा धोका कमी करता येतो. मात्र बाळाला घाईने गुटगुटीत करू नये. नेदरलँड्समधल्या आल्मेरे शहरातल्या पालकांनी कॉन्सुल्टाटीब्युरोमध्ये (बालआरोग्य केंद्र) वजन आणि उंची दोन्हींचे आलेख समजून घ्यावेत.