गवताचा मुलूख : सेरेंगेटी ते सोनगीर

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया या देशाचे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरांवर पसरलेले असून एकट्या जळगाव जिल्ह्याहून ते बरेच मोठे आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या या उद्यानाची ख्याती सिंह, हत्ती आणि चित्ते यांच्यामुळे जगभर पोहोचली असली, तरी तेथील सारी जीवसृष्टी ज्याच्या आधारावर उभी आहे ते आहे गवत. वाइल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी शिंगे आणि घोड्यासारखी आयाळ असलेले कुरंग, तेथे दहा लाखांहून अधिक आहेत. पावसामागोमाग उगवणाऱ्या कोवळ्या गवताच्या शोधात त्यांचे कळप दरवर्षी दक्षिणेकडील मैदानांतून केनियाच्या सीमेवरील मारा नदीपर्यंत जातात आणि पाऊस फिरला की पुन्हा दक्षिणेला परततात. गवताच्या या विस्तीर्ण प्रदेशाला, ज्यात मधूनमधून काटेरी झाडे असतात पण त्यांची सावली सलग होत नाही, भूगोलात ‘सॅव्हाना’ म्हणतात. मराठीत त्याला साधा, जुना आणि नेमका शब्द आहे तो माळरान.

हा शब्द ध्यानात घेऊन पाहिले, तर धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेल्या सोनगीरभोवतीचा प्रदेश वेगळा दिसू लागतो. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी आणि डोंगरी किल्ल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाचा परिसर उत्तरेचा सातपुडा आणि दक्षिणेच्या गाळणा व सातमाळा-अजिंठा डोंगररांगा यांच्यामधील तापी खोऱ्यात येतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा बराचसा पाऊस सह्याद्रीच अडवून घेत असल्यामुळे येथे पाऊस कमी आणि बेभरवशाचा असतो, उन्हाळा कडक आणि लांब असतो, आणि काळ्या जमिनीबाहेरच्या मुरमाड, उथळ भूमीवर दाट जंगल वाढू शकत नाही. तेथे बाभूळ, हिवर, बोर, खैर आणि अंजन ही झाडे विरळ उभी राहतात, तर त्यांच्यामधली मोकळी जागा पवन्या, शेडा, मारवेल आणि कुसळी ही गवते व्यापतात.

दोन्ही प्रदेशांच्या मुळाशी ज्वालामुखी आहे. सेरेंगेटीच्या आग्नेय मैदानांवर शेजारच्या उंच प्रदेशातील ज्वालामुखींची राख थरांनी साचली आणि त्या राखेखाली चुनखडीचा कठीण थर तयार झाला. झाडांची मुळे त्याखाली जाऊ शकत नाहीत, गवताच्या मुळांना मात्र वरची माती पुरते, म्हणून तेथे मैलोन्‌मैल झाड दिसत नाही. सोनगीर ज्यात येते त्या खानदेशाची भूमी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून उफाळलेल्या लाव्हारसाच्या थरांची, म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकाची आहे. ज्या भेगांत तो रस थिजला तेथे खडकाच्या उभ्या पट्ट्या निर्माण झाल्या आणि सभोवतीचा मऊ खडक झिजून गेल्यावर त्या लांबच लांब कण्यांसारख्या वर उरल्या. भूशास्त्रात त्यांना ‘भित्ती’ म्हणतात. धुळे आणि नंदुरबार यांच्या दरम्यान, मुख्यतः पूर्व-पश्चिम दिशेने जाणाऱ्या अशा दोनशेहून अधिक भित्तींची नोंद अभ्यासकांनी केली असून त्यांतील काही कित्येक किलोमीटर सलग जातात. या भित्ती भूजलाचा प्रवाह अडवतात किंवा वळवतात, त्यामुळे एकाच शिवारात एका अंगाला विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाला कोरड, असा फरक पडू शकतो. सेरेंगेटीच्या सपाटीवर मधूनच डोके काढणाऱ्या प्राचीन खडकांच्या टेकड्यांना तेथे ‘कोप्ये’ म्हणतात आणि सिंहांना त्या आसरा देतात. त्यांची जडणघडण भित्तींहून निराळी आहे, पण काम मिळतेजुळते आहे, कारण माळावरच्या प्राण्याला कपारी, सावली आणि दूरवर पाहता येईल अशी उंची या खडकांतच मिळते.

माळरानाचे प्राणी जंगलाच्या प्राण्यांहून वेगळे असतात. चिंकारा हे बारीक चणीचे कुरंग पाण्याशिवाय दीर्घकाळ तग धरते आणि रोही, म्हणजे नीलगाय, शेतांच्या कडेने चरते. तरस मेलेली जनावरे खाऊन शिवार स्वच्छ ठेवते, तर लांडगा, कोल्हा आणि खोकड हे ससे, उंदीर व घोरपडी यांच्यावर जगतात. मेंढ्याही भक्ष्य असल्याने लांडग्याचा संबंध मेंढपाळांशीही जुळलेला आहे. धुळे जिल्ह्यातील ठेलारी हा मेंढपाळ समाज पावसाळ्यानंतर मेंढ्यांचे कळप घेऊन दूरवर भटकंती करतो, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या रानात चारा असेल याचे त्याचे ज्ञान वाइल्डबीस्टच्या वार्षिक फेऱ्याइतकेच पावसाशी बांधलेले असते.

गुरे आणि वन्यप्राणी यांचे भवितव्य किती घट्ट बांधलेले आहे, हे सेरेंगेटीच्या इतिहासातून कळते. १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत बुळकांडी हा गुरांचा साथीचा रोग शिरला आणि त्याने तेथील मसाई या पशुपालक लोकांच्या गाईंबरोबर असंख्य वाइल्डबीस्ट मारले. पुढे विसाव्या शतकात भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली, तेव्हा वन्यप्राण्यांमधूनही रोग ओसरला आणि १९६० च्या दशकारंभी अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट पुढील दोन दशकांत दहा लाखांपलीकडे गेले. त्यांनी वाळले गवत खाऊन टाकल्यामुळे वणवे कमी झाले आणि वणवे कमी झाल्यामुळे झाडांची रोपे जगू लागली. गाईला टोचलेल्या लसीने रानातील झाडे वाढावीत, इतकी ही साखळी लांब आहे. बुळकांडीचे नाव खानदेशातील जुन्या शेतकऱ्यांनाही परिचित होते. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले.

सेरेंगेटीसारखे राष्ट्रीय उद्यान खानदेशात एकही नाही, अभयारण्ये मात्र आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरचराईला पूर्ण बंदी असते, तर अभयारण्यात काही हक्क व उपयोग नियमांच्या चौकटीत चालू राहू शकतात. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीतील यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे. त्याला लागूनच शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य आहे, जे १९८६ साली सुमारे ८३ चौरस किलोमीटरांवर स्थापन झाले. त्याच वर्षी घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधील डोंगरांत सुमारे २६० चौरस किलोमीटरांचे आहे. टांझानियातील न्गोरोन्गोरो या प्रसिद्ध ज्वालामुखी विवराचा तळही जवळपास एवढाच आहे. मुक्ताईनगर तालुक्यातील मुक्ताई-भवानी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, म्हणजे संरक्षित वनांना जोडणारा आणि स्थानिक लोकांना सोबत घेऊन सांभाळायचा दुवा. मेळघाटाकडून सातपुड्याच्या आधाराने पश्चिमेकडे सरकणाऱ्या वाघांना हा दुवा अत्यावश्यक आहे, कारण जंगल जेथे तुटते तेथे केळीच्या बागाच त्यांचा आसरा होतात.

औट्रम घाटाचे नाव ज्या जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्यावरून पडले, त्याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि पुढील दहा वर्षांत त्याच्या शिकारींत दीडशेहून अधिक वाघ मारले गेले. ज्या प्रदेशात एका माणसाच्या काळात एवढे वाघ होते, तेथे आज एखादा वाघ कॅमेऱ्यात दिसला तरी बातमी होते. २०२१ मध्ये विदर्भातील टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ गौताळ्यात आढळला, तेव्हा कित्येक दशकांची पोकळी भरून आली आणि मधल्या वाटा अजून पूर्ण बुजलेल्या नाहीत हेही सिद्ध झाले.

निरीक्षणाचे मोल सांगणारी खानदेशची सर्वांत मोठी कथा मात्र वीतभर उंचीच्या रानपिंगळ्याची आहे. हे घुबड १८७२ साली आजच्या छत्तीसगडातील भागात प्रथम मिळाले आणि पुढील वर्षी ॲलन ह्यूम या पक्षीतज्ज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने तेव्हाच्या खानदेश जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागात त्याचे नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीशीर नोंदच थांबली. रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचे सांगितलेला नमुना प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरून खोटी नोंद लावलेला होता, आणि त्या खोट्या पत्त्याने शोधकांची दिशा चुकवली. अखेर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षीअभ्यासकांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या विरळ सागवनात, भर दिवसा, हा पक्षी दिसला. सरडे, उंदीर व कीटक खाणाऱ्या आणि दिवसा वावरणाऱ्या या घुबडाला मोकळे, कोरडे रानच मानवते. पुढे तोरणमाळ, यावल आणि मेळघाट येथेही तो आढळला, तरी धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत तो आजही संकटग्रस्त आहे.

वाघ आणि रानपिंगळा यांना डोंगरातील अभयारण्यांचा आधार आहे, पण तापीकाठच्या सपाटीवरील माळाला तो नाही. सरकारी नकाशांत अशा बऱ्याच जमिनी ‘पडीक’ या सदरात दाखवल्या जातात, आणि पडीक म्हटलेली जमीन खाण, सौरपट्ट्या, दाट वृक्षलागवड किंवा अतिक्रमण यांपैकी कशासाठीही मोकळी समजली जाते. माळावर सलग झाडे लावणे हेही नुकसानच असते, कारण सावलीत गवत मरते आणि गवताबरोबर चिंकारा, चंडोल व मेंढपाळाचा चाराही जातो. धुळ्याजवळील लळिंगच्या कुरणासारखी गवताची राखीव राने जुन्या काळी चाऱ्यासाठी जपली गेली, आणि त्या जपणुकीतच वन्यजीवांचाही निवारा होता. म्हणून सातपुड्यातील वनांच्या सीमा आखताना मधल्या वाटा सांभाळणे जितके गरजेचे आहे, तितकेच सोनगीर-शिंदखेड्याच्या माळांची स्वतंत्र मोजणी करून त्यांना कुरण म्हणून नोंदवणे, कापणी व चराईच्या ऋतूंची पाळी ठरवणे आणि त्या पाळीत ठेलारी मेंढपाळांना हक्काचे स्थान देणे गरजेचे आहे. सेरेंगेटीत गवत आधी जपले जाते आणि सिंह त्यामागोमाग जपला जातो. खानदेशातही सुरुवात गवतापासून करावी लागेल, आणि तिचे पहिले पाऊल तलाठ्याच्या दप्तरातील ‘पडीक’ या शब्दाजागी ‘कुरण’ लिहिण्याचे आहे.