बंदराजवळचं घर

मुलांनो, वर्गातल्या एखाद्या बाकावरची जागा रिकामी दिसली, तर पहिले चार दिवस कुणाला काही वाटत नाही. ताप आला असेल, मामाच्या गावाला गेली असेल! मग एक दिवस बाई सांगतात, ‘ती मुंबईला आहे. तिला रक्ताचा कॅन्सर झालाय.’ वर्ग एकदम गप्प होतो.

पण ती मुंबईत राहते कुठं, हा प्रश्न तुम्हाला पडला का? मोठ्यांनाही तो फारसा पडत नाही. हॉस्पिटलातच असेल, असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे या उपचारांत बरेचसे दिवस हॉस्पिटलच्या बाहेर राहून खेपा घालाव्या लागतात. आज सलाईन, परवा रक्ततपासणी, असं चालतं. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं. तिथं बिहार-बंगालपासून माणसं येतात. भाडं परवडत नाही म्हणून कित्येक कुटुंबं हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवरच पथारी टाकतात.

आणि इथंच खरी अडचण आहे. औषधं कॅन्सरच्या पेशी मारतात, पण त्यांच्याबरोबर रक्तातल्या चांगल्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. तेच कमी झाले, की साधी सर्दीसुद्धा भारी पडते. म्हणून अन्न ताजं, गरम हवं. पाणी उकळलेलं हवं, आणि भरपूर हवं, कारण काही औषधं लघवीवाटे धुऊन निघावी लागतात. ‘अगं, पाणी पी, पाणी पी’ म्हणून आई दिवसभर मागे लागते. फुटपाथवर हे कसं जमायचं? पैसे संपतात, जीव कंटाळतो, आणि काही आईवडील उपचार अर्धवट टाकून गावी परततात. बरा होऊ शकणारा आजार तिथं हातचा जातो, बरं का.

गाडगेबाबांना हे फार पूर्वी कळलं होतं. रुग्णांसोबत आलेल्या गोरगरिबांसाठी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण राहतात. 2006 साली निहाल आणि श्यामा कविरत्ने या दांपत्यानं खास लहान मुलांसाठी अशी सोय सुरू केली. त्या संस्थेचं नाव सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स. त्यांची काही घरं कॉटन ग्रीनला, मुंबई बंदराच्या जुन्या इमारतींत आहेत. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा असते, आणि सामाईक स्वयंपाकघरात आपापली शेगडी. भाडं नाही. हॉस्पिटलात जायला-यायला गाडी, आणि बुडालेला अभ्यास करून घ्यायला शिक्षक. एका शेगडीवर बंगालची आई माशांचं कालवण करतेय, शेजारी आपल्याकडची आई पिठलं हाटतेय. सगळ्या मुलांच्या डोक्यावरचे केस गेलेले, त्यामुळे कुणीच कुणाकडे टक लावून बघत नाही.

बंदराजवळचं घर म्हटल्यावर तुम्हाला वाळू आणि नारळाची झाडं दिसली असतील. छे! कॉटन ग्रीन म्हणजे गोदामं, मालाचे ट्रक आणि हार्बरची लोकल. एकेकाळी इथं कापसाचा मोठा बाजार होता, त्यावरून हे नाव पडलं. समुद्राच्या हवेनं कॅन्सर बरा होतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बरं करतात ती औषधं. आणि ती शेवटपर्यंत घेता येतात, ती या उकळलेल्या पाण्यामुळे आणि जवळच्या घरामुळे.

पण पुढच्याच स्टेशनजवळ, शिवडीच्या खाडीत, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाहुणे येतात. फ्लेमिंगो! मराठीत त्यांना रोहित म्हणतात. चिखलातलं शेवाळ खाऊन ते गुलाबी होतात. तिथून निघणारा समुद्रावरचा मोठा पूल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. त्याचं बांधकाम निघाल्यापासून ते शिवडीत पूर्वीइतके दिसत नाहीत, ही मात्र वाईट गोष्ट. रक्तातल्या पेशी पुरेशा वाढल्या आणि डॉक्टर ‘जा’ म्हणाले, तर बंदरावरून, लांबूनच, हे पक्षी बघता येतात.

तुमची मैत्रीण एक दिवस वर्गात परत येईल. तोंडावर मास्क असेल, डोक्याला रुमाल असेल. तिच्यापासून तुम्हाला काही होणार नाही, कॅन्सर असा लागत नाही. मास्क आहे तो तुमच्या सर्दीपासून तिला वाचवायला. पालकांनीही हे घरी मोकळेपणानं सांगावं. नाहीतर आईच म्हणते, ‘तिच्याजवळ बसू नकोस.’

आणि काय बोलावं हे सुचलं नाही, तर तिला फ्लेमिंगोंबद्दल विचारा. त्यांची पिल्लं सुरुवातीला गुलाबी नसतात, करडी असतात, हे तिला नक्की माहीत असेल.