जुन्या गाडीत नवे एंजिन : दर्शकांची आणि इंधन-पंपाची जोडणी

मोटारगाडी भारतातच तयार व्हावी म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1930च्या दशकात पुष्कळ खटपट केली. शेठ वालचंद हिराचंद यांच्याबरोबर म्हैसूर संस्थानात कारखाना काढण्याचा बेतही झाला होता. परंतु तो सिद्धीस गेला नाही, आणि 1944 साली वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईस स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली गाडी विश्वेश्वरय्यांच्या बंगळूर शहरातही पुष्कळ धावली. आज ती हौशी लोकांच्या संग्रही आढळते. तिचे 1089 घन सेंटिमीटरचे मूळ एंजिन झिजले, की काही जण तिच्यात अलीकडचे एंजिन बसवितात. मारुती जिप्सी गाडीचे 1298 घन सेंटिमीटरचे एंजिन यासाठी सोयीचे ठरते. कारण पद्मिनीतल्याप्रमाणेच तेही गाडीत लांबीच्या दिशेने बसते आणि मागील चाके फिरविते.

कायद्याची बाजू येथेच सांगितलेली बरी. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या 52व्या कलमामुळे नोंदणी-दाखल्यातील तपशील बदलेल असा फेरफार मनास येईल तसा करता येत नाही. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 साली जी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू झाली, तिच्यासाठी एंजिन मूळ स्वरूपातच असावे लागते.

एंजिन जागेवर बसविण्याचे काम अवजड असले, तरी ते डोळ्यांना दिसते. खरी फसगत होते ती बारीक तारांपाशी. चालकासमोरील दर्शकाचा काटा पाण्याचे तापमान दाखवितो, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो फक्त विद्युत्‌प्रवाह दाखवीत असतो. एंजिनात बसविलेल्या संवेदकाचा रोध पाणी तापेल तसा कमी होतो, रोध कमी झाला की प्रवाह वाढतो, आणि प्रवाह वाढला की काटा सरकतो. कोणत्या तापमानास किती रोध, हे प्रमाण प्रत्येक कारखानदाराचे निराळे असते. म्हणून जुना दर्शक नव्या एंजिनाच्या संवेदकास जोडला, तर काटा हालेल, परंतु त्याचे सांगणे खरे असेलच असे नाही. जुन्या दर्शकाचा जोडीदार संवेदक योग्य आट्यांच्या जोडतुकड्याने नव्या एंजिनात बसविणे, हा त्यावरील सरळ उपाय होय. नव्या एंजिनाच्या नियंत्रक संगणकासाठी जो दुतारी संवेदक असतो, त्यावर दर्शकाची तार कधीही जोडू नये. तसे केल्यास संगणकाचाही हिशेब चुकतो आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते.

संवेदकाची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही घेता येईल. तो पाण्याच्या भांड्यात तापमापीसह टांगावा, पाणी हळूहळू तापवावे आणि दर दहा अंशांना ओहममापकावरील आकडा लिहून घ्यावा. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच असल्यामुळे तेथे उघड्या भांड्यातील पाणी 100 नव्हे, तर सुमारे 97 अंश सेल्सिअसलाच उकळते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

यापुढचा दोष अधिक लपलेला असतो. संवेदकाकडे बहुधा एकच तार जाते. प्रवाहाचा परतीचा मार्ग म्हणजे एंजिनाचा आणि गाडीचा धातूच. कारागीर यालाच ‘अर्थ’ म्हणतात. हा शब्द पृथ्वीवाचक इंग्रजी शब्दावरून आला, आणि रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीचा पृथ्वीशी काही संबंध नसतो. परंतु शब्द रूढ आहे. एंजिन रबरी आधारांवर बसलेले असते आणि रबर विद्युत्‌वाहक नाही. म्हणून एंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी विणलेली जाड तांब्याची पट्टी आवश्यक असते. एंजिन बदलताना नेमकी तीच विसरली जाते. मग स्टार्टरचा प्रचंड प्रवाह ॲक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून वाट काढतो आणि ती केबल जळते. पट्टी आहे पण गंजलेली आहे, अशा वेळी तर परतीच्या वाटेवर जादा रोध निर्माण होतो. तापमानदर्शकाला त्याचा अर्थ ‘पाणी थंड आहे’ असाच कळतो. एंजिन उकळत असते आणि काटा स्वस्थ असतो!

पंपाची गोष्ट निराळी. पद्मिनीचा जुना पंप एंजिनच्याच कॅमशाफ्टवर चाले. कार्ब्युरेटरला लागणारा दाब फार थोडा, सुमारे 0.2 ते 0.3 बार. नव्या एंजिनाच्या अंतःक्षेपकांना मात्र जवळजवळ 3 बार दाब, म्हणजे दहापट, लागतो. त्यासाठी विजेवर चालणारा पंप घ्यावा लागतो. असा पंप ढकलण्यात समर्थ, ओढण्यात दुबळा असतो. उष्ण नळीत ओढ निर्माण झाली, की पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हे अधिक लवकर घडते. म्हणून पंप टाकीजवळ, शक्य तितक्या खाली बसवितात. उरलेले पेट्रोल परत नेणारी नळीही टाकीला नव्याने जोडावी लागते. जुन्या रबरी नळ्या तर बदलाव्यातच, कारण त्या या दाबासाठी केलेल्या नसतात. शिवाय 2025 साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले आणि इथेनॉल जुन्या रबरास मानवत नाही.

पंप मागे गेला म्हणजे तार लांबते. पंप 6 अँपिअर प्रवाह घेतो असे धरू. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या चार मीटर तांब्याच्या तारेत सुमारे 0.4 व्होल्ट वाया जातात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत 0.17 व्होल्टच. हा प्रवाह किल्लीच्या जुन्या बटनातून न नेता बॅटरीपासून फ्यूज आणि रिले यांच्या मार्गे न्यावा. फ्यूज बॅटरीलगत असावा. तो पंपासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो.

आता सर्वांत महत्त्वाचा फरक. एंजिन थांबले की जुना पंप आपोआप थांबे, कारण एंजिनच त्याला चालवीत असे. विजेच्या पंपाला एंजिन थांबल्याचे कळत नाही. अपघातात नळी तुटली आणि किल्ली चालूच राहिली, तर तो तापलेल्या एंजिनावर पेट्रोल फवारीत राहील. म्हणून रिलेचा ताबा संगणकाकडे देतात. एंजिन फिरत असल्याची स्पंदने येत असतील तोवरच तो पंपाला वीज देतो. धक्का बसताच प्रवाह तोडणारे बटनही याच मार्गात बसवितात. जोडणी पुरी झाल्यावर किल्ली फिरवावी, परंतु एंजिन सुरू करू नये, आणि गाडीच्या मागील बाजूस कान द्यावा. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून गप्प झाला पाहिजे. तो गुणगुणतच राहिला, तर त्याची वीज रिलेला वगळून कोठून तरी थेट येत आहे. ती तार सापडेपर्यंत टाकीत पेट्रोल भरू नये.