सायकलवरची घाटवाट

कामगार चळवळीतला कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे आता महागाई भत्ता, बोनस आणि संप यांवर तासभर ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती अगदीच निराधार नाही. परंतु आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहो तो आहे सायकलीचा. पाच सोबत्यांनी सायकलीवर राहुटी लादून चार दिवस सह्याद्रीचे घाट चढावयाचे आणि उतरावयाचे, हे कसे साधते, त्यासाठी काय लागते, आणि त्यातून काय समजते, एवढेच सांगावयाचे आहे. हा विषय कामगारांच्या प्रश्नापासून वाटतो तितका दूर नाही, हे ओघाने दिसून येईल.

भ्रमंतीसाठी पहिली गोष्ट लागते ती सायकल नव्हे, सवड. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, आणि १८९० साली त्या कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. पगारी रजेसाठी पुढे आणखी अर्धे शतक थांबावे लागले. १९४८ च्या कारखाने कायद्याने, वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. ज्याच्या पदरात हे चार दिवस नाहीत त्याला सह्याद्री दारात असून काय उपयोग?

सायकल हे मूळचे हौसेचे वाहन. पण ते फार लवकर श्रमिकांच्या हाती आले. १८८५ साली इंग्लंडमध्ये स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बाजारात आणली, १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर केला, आणि पुढल्या दहा वर्षांत सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये काही समाजवादी तरुणांनी ‘क्लॅरियन’ या वृत्तपत्राच्या नावाने सायकल क्लब काढला. सुटीच्या दिवशी ते खेडोपाडी जात, निसर्ग पाहत आणि आपली पत्रके वाटत. सायकलीवर तंबू नेण्याची विद्या ज्याने लोकप्रिय केली तो टॉमस होल्डिंग हा तर व्यवसायाने लंडनचा शिंपी. कापडाचे वजन आणि शिवणीचे बळ यांचे ज्ञान त्याच्या बोटांत होते. म्हणूनच सायकलीवर नेता येईल असा हलका तंबू त्याने सिद्ध केला. १९०१ साली सायकलस्वार शिबिरार्थींची पहिली संघटना त्याच्याच पुढाकाराने निघाली.

आता घाट चढण्याचे गणित पाहू. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो वजन धरा. शंभर मीटर रस्त्याला सहा मीटर चढ असेल, तर वारा आणि घर्षण सोडून देऊनही सुमारे पावणेसहा किलोचा ओढा सतत मागे खेचत असतो. आपली नेहमीची काळी सायकल, पुढे ४४ दाती आणि मागे १८ दाती चक्र असलेली, पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. त्याच फेऱ्यात पाऊल मात्र फक्त एक मीटरभर फिरते. म्हणजे पायाला सरासरी २९ किलोचा जोर द्यावा लागतो, आणि तोही तासन्‌तास. पुढे २८ दात आणि मागे ३२ दात असा गिअर लावला, तर एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटरांहून थोडी अधिक जाते आणि जोर दहा किलोंवर येतो. काम तेवढेच, ते लहान लहान हप्त्यांत केले, इतकेच. कर्जफेडीचे जे तत्त्व तेच गिअरचे!

गंमत अशी की, या साध्या सोयीला एके काळी कमीपणा मानीत. फ्रान्समधील सुप्रसिद्ध सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली, परंतु चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारी यंत्रणा तीत वापरण्यास १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. पुरुषाने आपल्या स्नायूंनी जिंकावे, यंत्राने नव्हे, असा संयोजकांचा आग्रह. त्याच देशातल्या सेंत-एत्येन गावचे पॉल द विव्ही हे गृहस्थ मात्र ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने वर्षानुवर्षे गिअरची बाजू मांडीत राहिले आणि स्वतः डोंगर चढून ती सिद्ध करीत राहिले. कष्ट वाचविणारे अवजार मिळत असता ते नाकारण्यात पुरुषार्थ आहे, असे आम्हांसही वाटत नाही. ज्याने आयुष्यभर ओझी वाहिली आहेत त्याला तसे कधीच वाटणार नाही.

खाण्याचेही गणित असेच आहे. ९५ किलो वजन हजार मीटर वर न्यावयाचे तर त्याला सुमारे २२० किलोकॅलरी काम लागते. पण आपले शरीर म्हणजे काही उत्तम एंजिन नव्हे; खाल्ल्या अन्नाचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलापर्यंत पोहोचतो. म्हणून खर्च येतो नऊशेच्या आसपास. हे दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम शेंगदाण्यांत भागते. गूळ-शेंगदाणे, भाकरी-चटणी आणि केळी यांपलीकडे घाटाला काही लागत नाही. नियम एकच, भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे.

२०२२ च्या डिसेंबरात आम्ही पाचजण पुण्याहून निघालो. एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेले मिस्त्री, एक शाळामास्तर, एक पोस्टमन, कारखान्यात कंत्राटदाराकडे काम करणारा एक तरुण हेल्पर आणि आम्ही स्वतः. चौघांच्या सायकली गिअरच्या, हेल्परची काळी, एकाच चक्राची. दोन राहुट्या, पाच कांबळी, एक पातेले, पान्ह्यांचा संच, दोन जादा ट्यूबा, पंक्चरचे सोल्यूशन आणि ठिगळे, पंप. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना समान बांधावी, कॅरिअरवर उंच रचू नये. नाहीतर वळणावर सायकल डुलू लागते. निघण्यापूर्वी मिस्त्रींनी प्रत्येक चाक फिरवून आउट आहे का ते पाहिले आणि ब्रेकचे झिजलेले रबर बदलावयास लावले. त्यांच्या संमतीवाचून एकही सायकल जागची हालली नाही.

पहिल्या दिवशी कात्रज, कापूरहोळ, भोर असे करीत नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाकाठी आलो. रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळणे घेत जातो. तेथल्या एका वस्तीत शेतकऱ्याची परवानगी काढून मोकळ्या खाचरात राहुट्या ठोकल्या. परवानगी ही शिबिराची पहिली मेख. ती आधी ठोकावी, मग राहुटीची.

दुसऱ्या दिवशी वरंधा घाट उतरून कोकणात गेलो. चढापेक्षा उतार अवघड असतो, हे नवख्यास पटत नाही. ९५ किलो वजन पाचशे मीटर खाली येते तेव्हा जी शक्ती सुटते तिने सुमारे सव्वा लिटर थंड पाणी उकळीस यावे. यातील काही वारा घेतो, बाकीची सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. म्हणून ब्रेक सतत दाबून ठेवू नये. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबून वेग मोडावा, मध्ये त्यांना निवू द्यावे, आणि वळणात ब्रेकला हात लावू नये. वाघजाईच्या देवळाशी थांबलो असता चाकांच्या धावा हाताला चांगल्याच तापलेल्या लागल्या. हा घाट पावसाळ्यात आणि दुरुस्तीसाठी वेळोवेळी बंद ठेवतात, तेव्हा चौकशी करूनच निघावे. २०२१ च्या जुलैत याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि अनेक घरे माणसांसह गाडली गेली. हे डोंगर केवळ शोभेचे नाहीत.

महाडला दुपारी चवदार तळ्यावर गेलो. सकाळपासून आमचे बोलणे पाण्याचेच चालले होते. कोणाच्या बाटलीत किती उरले, पुढे कोठे मिळेल. अशा तहानेच्या दिवशी त्या तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे २० मार्च १९२७ चा अर्थ पुस्तकात वाचल्याहून निराळा लागतो. मुंबई कायदे मंडळाने १९२३ सालीच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले होते. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतरही खटला चालून उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळावयास १९३७ साल उजाडले. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत केवढे अंतर असते! त्या रात्री पोलादपुरास मुक्काम केला.

तिसरा दिवस खरा कसोटीचा. पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि आंबेनळी घाटाने एकूण साडेबाराशे मीटरांच्या आसपास चढ. आदल्या रात्रीच प्रश्न उभा राहिला. हेल्परचे गुडघे दुखू लागले होते. मास्तरांचे म्हणणे, प्रतापगडाच्या पायथ्याशी कुंभरोशीला थांबावे आणि चढ दोन दिवसांत करावा. वैद्यकीयदृष्ट्या सल्ला उत्तम. पण चौघांना पगारी रजा होती किंवा निवृत्तिवेतन. पाचव्याची मात्र जितके दिवस जास्त तितकी मजुरी बुडणार होती. एक दिवस वाढविणे म्हणजे आमच्या विसाव्याचे बिल त्याच्या नावे फाडणे. घाईने चढावे तर त्याचे गुडघे जाणार, आणि गुडघे गेले तर मजुरी कायमचीच जाणार.

मार्ग निघाला तो कारखान्यातलाच. पाळी लावली! काळी सायकल एकट्याने का ओढावी? तिचे सगळे सामान चार गिअरच्या सायकलींवर वाटले, आणि दर दोन किलोमीटरच्या दगडापाशी स्वार बदलावयाचा असे ठरले. चाळीस किलोमीटरांत प्रत्येकाच्या वाट्याला आठ आले. दर पाळीला मिस्त्रींनी पान्हा घेऊन सीट स्वाराच्या उंचीला बसवून दिली. सीट खाली असली की गुडघ्यावर जादा ताण येतो, हे त्यामागचे कारण. तीव्र चढावर जो कोणी काळ्या सायकलीवर असेल त्याने खाली उतरून खुशाल चालावे, आणि बाकीच्यांनी त्याच्या पुढे जाऊ नये. टोळीचा वेग सर्वांत मंद माणसाने ठरवावयाचा, हा भ्रमंतीतला मूळ कायदा आहे. पण मंद माणूस मंद का आहे हेही पाहावे लागते. बहुधा त्याचे पाय दुबळे नसतात, त्याला मिळालेले अवजार दुबळे असते. हेल्पर गिअरच्या सायकलीवर बसला तेव्हा पोस्टमनच्या आणि आमच्या पुढे सहज निघून गेला, आणि त्याला हाका मारून थांबवावे लागले.

पहाटे चारला निघालो ते दिवस कलताना महाबळेश्वरी पोहोचलो आणि अंधार पडता पडता भिलारला. २०१७ पासून हे ‘पुस्तकांचे गाव’ आहे. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या या गावात घरोघरी मराठी पुस्तके मांडली आहेत आणि वाटसरूने आत जाऊन वाचावे अशी योजना आहे. ज्यांची शाळा लवकर सुटली आणि वाचन सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, अशा आमच्यासारख्यांना हे गाव फार जवळचे वाटते.

चौथ्या दिवशी पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाईला आलो आणि तेथून महामार्गाने पुणे गाठले. जड वाहनांच्या वर्दळीत एकामागे एक चालावे, मागे लाल दिवा असावा, आणि शेजारी येऊन गप्पा मारण्याचा मोह टाळावा.

रात्री हिशेब केला. खर्च पाचांत सारखा वाटला. हेल्परचे दोन दिवस साप्ताहिक सुटी आणि सणाच्या सुटीत बसले होते, दोन बुडाले होते. चौघांनी मिळून ती मजुरी भरून द्यावी अशी सूचना पोस्टमनने केली. तो म्हणाला, “अण्णा, मला वर्गणी नको. मला रजा पाहिजे.”

यावर आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते, पण कारण ठाऊक होते. कारखाने कायद्यात कंत्राटी कामगारही कामगारच धरला होता. तथापि अट होती २४० दिवसांची. आणि ते भरण्यापूर्वी त्याला ‘ब्रेक’ देऊन पुन्हा नव्याने घेतले की रजेचा हिशेब शून्यापासून सुरू होत असे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली आहे. हे पाऊल योग्य दिशेचे खरे. परंतु चवदार तळ्याचा ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये किती वर्षे गेली हे ध्यानी घेतले, तर नुसत्या तरतुदीवर विसंबून राहता येणार नाही. हजेरीपट, पगाराची चिठ्ठी आणि रजेची नोंद कामगाराच्या हाती पडली पाहिजे, आणि ती मागण्यासाठी त्याच्यामागे संघटना उभी असली पाहिजे.

श्रोते हो, आपल्यांपैकी पुष्कळांकडे सायकली असतील आणि पुढल्या हिवाळ्यात काहीजण घाटाची वाट धरतीलही. अवश्य जावे, शरीराला, मनाला आणि मैत्रीला याहून स्वस्त औषध नाही. फक्त निघण्यापूर्वी एक चौकशी करावी. आपल्या सोसायटीचा पहारेकरी, आपल्या कचेरीतला कंत्राटी शिपाई, आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाई, यांना वर्षात पगारासह किती दिवस मिळतात? उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर त्यांतले निदान एक उत्तर बदलणे आपल्याच हाती आहे. त्याला कोणत्याही संहितेची वाट पाहावी लागत नाही.